माझ्या अंगावरचे अकरा ठिपके

थांबू नका, चालता चालताच ऐका. माझ्यावर थांबायला जागा नाही. मी प्रवरेवरचा जुना दगडी पूल बोलतोय.

मला बांधणाऱ्यांनी बैलगाडीचं माप धरलं होतं. आता उसाच्या डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर आला की बाजूला वीतभर जागा उरते. माणसं पोट आत ओढून कठड्याला चिकटतात आणि माझेच दगड त्यांना खरचटतात. मला ओशाळल्यासारखं होतं.

गेल्या हंगामात ट्रॉलीबाहेर आलेला ऊस अश्विनीच्या दप्तरात अडकला आणि ती सायकलसकट कठड्यावर आदळली. तिची शाळा पलीकडच्या काठावर. तिचे वडील राम म्हणाले, "औंदा कारखाना सुरू व्हायच्या आत बाजूची वाट झाली तर शाळा. न्हाई तर घरी."

ती वाट करायला इंजिनीअर मनवा मॅडम आल्या. माझ्या कुशीला लोखंडी वाट जोडायची, फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. कठड्याच्या बुडाशी जिथे भोकं पाडायची, तिथे त्यांनी शेंदरी रंगाचे ठिपके मारले. भोकं! त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

दुसऱ्या सकाळी बनुबाई घासाचा भारा घेऊन आल्या. पहिला ठिपका दिसताच त्यांनी भारा उतरवला, पाया पडल्या, फूल वाहिलं. दोन दिवसांत तिथे नारळ फुटू लागले. मुकादम छगन ड्रिल घेऊन आला आणि तसाच मागे सरला.

"देवाला भोक पाडू? माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

"अहो, तो रंग मी मारलाय!" मॅडम म्हणाल्या.

"त्यानंच तुमच्याकडून मारून घेतला," बनुबाई म्हणाल्या.

काम नऊ दिवस बंद. तिकडे कारखान्यात उसाची पहिली मोळी टाकून गाळप सुरू करायची तारीख ठरली. माझ्या दगडादगडाला घोर लागला.

अश्विनी कुणाशी फारसं बोलत नाही. पण दहाव्या सकाळी तिने सायकल कठड्याला टेकवली आणि बनुबाईंचा हात धरला.

"आजी, पुढं चला."

दुसरा ठिपका. तिसरा. चौथा.

"असे अकरा हायेत, आजी."

बनुबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अगं बया! एवढ्या देवांना नारळ कुठून आनू?" म्हणत हसू लागल्या. छगनही हसला, पण ड्रिल काही उचलेना. मग बनुबाईंनी मागे जाऊन पहिल्या ठिपक्यावरचं फूल स्वतः उचललं.

"देवा, उलीसं सरक. पोरींना जाऊ दे."

मी दगड, सरकणार कुठे? छगनने ड्रिल लावलं तेव्हा श्वास तेवढा धरून ठेवला.

काल शेवटचा बोल्ट आवळला. आज राम आले. नव्या वाटेवर पाय आपटून पाहिले, कठडा हलवून पाहिला. पहिल्या बोल्टपाशी त्यांचे हात नकळत जोडले गेले. मग लेकीला म्हणाले, "उद्या घंटी वाजवत जा."

कारखानाही उद्याच सुरू होतोय. मला लोखंडाची सवय नाही, अकरा ठिकाणी ठणकतंय. ट्रॅक्टरवाल्या दादांनो, उद्या सकाळी तेवढे हळू या. मला ती घंटी ऐकायची आहे.