पांढरा दोरा संपला तेव्हा

काटेवाल्या मावशीच्या दुकानात दोन काट्यांना खरी मागणी. खोकल्याला रिंगणी, आणि दाराला टांगायला धोतऱ्याची काटेरी बोंडं, म्हणजे वाईट नजर उंबऱ्याबाहेरच अडते. रिंगणीची पुडी पांढऱ्या दोऱ्याने बांधायची, धोतऱ्याची काळ्याने. वाळल्यावर अनोळखी माणसाला दोन्ही काटेच; पण धोतरा पोटात गेला तर माणूस भ्रमिष्ट होतो, कधी मरतोही. दुकान आत्याकडून आलेलं. आत्याच्या बाकी शिस्ती मावशीने खुशाल मोडल्या होत्या, ही एक सोडून.

आज ती मोडली. सकाळी नेहमीची एक शिवणकाम करणारी बाई खोकणाऱ्या लेकीला कडेवर घेऊन आली, दोन्ही पुड्या मागितल्या, आणि पांढरा दोरा संपलेला. मावशीने दोन्ही काळ्यानेच बांधल्या. "ही उकळायची, ही टांगायची," एवढं तोंडाने सांगितलं. पोर तेव्हा रडत होती.

दुपारी दुसऱ्या गिऱ्हाईकाला धोतऱ्याची पुडी बांधताना तिला ते आठवलं. दुकान उघडं टाकून ती निघाली. वाटेत मनाची समजूत घालत होती: बाई हुशार आहे, अर्ध्या इंचाची चूक करत नाही, पुडीत कशी चुकेल?

गल्लीच्या वळणावरून दार दिसलं. चौकटीला काहीतरी बांधलेलं. बोंडंच असू देत, बोंडंच असू देत, असं पुटपुटत ती जवळ गेली.

रिंगणी होती.

आत पोरगी जमिनीवर बसून खोकत होती. कुणाच्या खोकल्याने मावशीला आजवर इतकं हायसं वाटलं नव्हतं. मग तिचं लक्ष शिलाई मशीनपाशी बसलेल्या आईकडे गेलं. लेकीला पाजण्याआधी आईने स्वतः वाटीभर काढा पिऊन पाहिला होता. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळ्यांत नुसतं काळं उरलं होतं, आणि ती हवेतून दोरे वेचून नसलेल्या सुईत ओवत होती.

"बाधा झालीये हो सुनेला," तिची सासू म्हणाली. "बरं झालं, तुम्हीच आलात. दाराला बांधूनही शिरलंच काहीतरी. याहून जालीम काटा द्या."

मावशीला पळवाट आयती मिळाली होती. मान डोलावली असती तर दुकान राहिलं असतं, नावही राहिलं असतं. तिला त्या मोहाचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

"बाधा नाही," ती म्हणाली. "विष आहे, माझ्याच दुकानातलं. चूक माझी. गाडी बोलवा. काय पोटात गेलंय ते डॉक्टरला मी सांगते."

म्हातारीने शेजाऱ्याला हाक मारून गाडी मागवली. मावशी सुनेला धरायला पुढे झाली, तशी म्हातारीने नातीला पाठीमागे ओढलं.

"तू हात लावू नकोस. तिला आम्ही उचलतो. तू फक्त सांगायला चल."

शेजाऱ्याने सुनेला खांद्यावर घेतलं. तिची बोटं अजून हवेतले दोरे वेचत होती. ती थांबू नयेत, एवढंच मागत मावशी मागून धावत राहिली.