आतली शिवण

"मामा, माझीपण उलटी करून द्या."

गोलकीपर समोर उभा होता. उजव्या हाताची दोन बोटं पट्टीनं एकत्र बांधलेली, डाव्या हातात जर्सी. सुलटेमामांनी मान वर केली नाही. ते खाली बसून कप्तानाच्या बुटाची नाडी तपासत होते. सामन्याला बारा मिनिटं उरली होती, आणि अशा वेळी मामांनी बुटाच्या वर बघितल्याचं गेल्या एकतीस वर्षांत कुणाला आठवत नव्हतं.

"उलटी कशी असेल? मी स्वतः सुलटी करून टांगलीय."

"उलटी नाहीये मामा. उलटी करून हवीय."

तेव्हा मात्र मामांनी मान वर केली. उरलेले दहाही जण आपापल्या जर्सीची आतली बाजू बाहेर काढत होते.

मामांचं आडनाव सुलटे नव्हतं. खरं आडनाव क्लबच्या हजेरीपटावर होतं आणि तिथंच मुक्कामाला होतं. धुतलेल्या जर्सीचा रंग उन्हात उडू नये म्हणून ते त्या उलट्या वाळत घालत, वाळल्यावर एकेक सुलटी करत, आणि सामन्यानंतर घामेजलेली जर्सी भिरकावणाऱ्या प्रत्येकाला "आधी सुलटं करून ठेव" असं बजावत. खेळाडू बदलले, प्रशिक्षक बदलले, दोनदा क्लबचं नावसुद्धा बदललं. हे वाक्य तेवढं राहिलं. नव्या खेळाडूंना सुलटे हे आडनावच वाटे. एकानं तर लग्नाच्या पत्रिकेवर 'श्री. व सौ. सुलटे' असं लिहून पाठवलं होतं. मामींनी ती पत्रिका अजून जपून ठेवली आहे, भांडणात उपयोगी पडते म्हणून.

"हे कशाला रे?" मामांनी विचारलं.

गोलकीपरनं जर्सीची छाती पुढं केली. तिथं पांढऱ्या ठळक अक्षरांत छापलेलं होतं: 'सर्वांना छप्पर'. यंदा क्लबचा प्रायोजक घरबांधणी खातं होतं, आणि हे त्या खात्याचं घोषवाक्य. याच खात्यानं गेल्या मंगळवारी पुलाखालची वस्ती जमीनदोस्त केली होती. छपरं जाग्यावर राहू द्या म्हणून आडवे पडलेले एकेचाळीस जण तुरुंगात होते. त्यांत गोलकीपरची थोरली बहीण होती. ती वस्तीतल्या शाळेत शिकवायची.

"हे छातीवर घेऊन कसा उभा राहू, मामा?"

"मग काळी फीत बांधा की दंडाला."

"फीत चालत नाही," कप्तान म्हणाला. "नियम काढलाय. अंगावर फीत नको, पट्टी नको, बिल्ला नको, मजकूर नको. सगळं वाचलं आम्ही. उलट्या जर्सीबद्दल एक अक्षर नाही."

मामांनी गोलकीपरच्या बोटांकडे बघितलं. त्या बोटांनी जर्सी उलटी करायची म्हणजे फाडायचीच. त्यांनी ती मांडीवर घेतली, आत हात घातला, बाही धरली आणि खेचली. मग खिशातून छोटी कात्री काढून काखेतला एक लोंबता दोरा कापला, आणि दोरा खिशात टाकला. कापलेला दोरा ते कधी जमिनीवर टाकत नसत. बुटाच्या खिळ्यांत अडकतो.

"घे. आणि हात हळू घाल, काखेत शिवण नवी आहे."

अकरा जण उलट्या जर्सीत मैदानात उतरले तेव्हा आधी प्रेक्षकांत हशा पिकला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि हशा थांबला. घरबांधणी खात्याचे मंत्रिमहोदय खास कक्षात बसले होते. ते बराच वेळ मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधत राहिले. गडी मैदानाच्या मध्यावर रिंगण करून उभे राहिले, एक मिनिट, हात पाठीमागे. बस्स, एवढंच. पंचांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं आणि शिट्टी वाजवली.

मामा बाकावर बसले होते. त्यांना राजकारणातलं कळत नव्हतं, आणि कळतं असं दाखवायची हौसही नव्हती. ते शिवणी बघत होते. जर्सीची आतली बाजू त्यांच्याशिवाय कुणी कधी बघितली नव्हती. कुठं दुहेरी टाका, कुठं रफू, कुठं गळा उसवून वाढवलेला. मानेखाली लाल दोऱ्यानं घातलेली एक-दोन अक्षरं, कुणाची कुठली ते कळायला. वीस हजार माणसं ते सगळं बघत होती. एकही दोरा लोंबत नव्हता. मामांना घाम फुटला होता, पण आतून बरंही वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून जरा लाजही वाटत होती.

सामना बरोबरीत सुटला. तो कुणाला आठवत नाही.

घरी मामींनी दारातच विचारलं, "टीव्हीवर तुमचं रफू दाखवलं. चांगलं मोठं करून. एकतीस वर्षं मला सांगताय, कपडे सुलटे करून ठेव, सुलटे करून ठेव. आणि आज अख्खा संघ?"

"त्यांनी केल्या. मी एकच केली."

"कुणाची?"

"गोलकीपरची. बोटं बांधलेली त्याची."

"त्याची बहीण आत आहे ना?"

"हो."

"बरं केलंत," असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या. आतून म्हणाल्या, "आता नोकरी जाईल तुमची."

मामींचे अंदाज सहसा चुकत नसत, पण हा खरा ठरायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी क्लबचे सेक्रेटरी धुलाईच्या खोलीत आले. तिथं ते यापूर्वी एकदाच आले होते, तेही रस्ता चुकून.

"मामा, चौकशी लागलीय. पण वरून निरोप आहे, की प्रकरण वाढवायचं नाही. आता बघा, जर्सी उलट्या वाळत घालतं कोण?"

"मी."

"सुलट्या करतं कोण?"

"मीच."

"मग रविवारी घाई झाली. करायच्या राहिल्या. झालं! पोरं गडबडीत तशाच चढवून गेली. कुणाचा काही दोष नाही."

"पोरांनी तर लिहून दिलंय म्हणे, आम्ही मुद्दाम केलं म्हणून."

"पोरं काय, भावनेच्या भरात काहीही लिहितात. अहो, तुम्ही 'घाई झाली' म्हणालात तर कुणावर बंदी येत नाही, खात्याचं तोंड गोड राहतं, आणि तुम्ही तीन महिन्यांनी मानानं निवृत्त होता. निरोपाचं भाषण मी आत्ताच लिहून ठेवलंय. चांगलं झालंय."

निषेधापेक्षा धुण्यातली चूक सगळ्यांनाच स्वस्त पडत होती.

संध्याकाळी कप्तान आला. मामा मशीनमधून कपडे काढत होते. न सांगता त्यानं एक टोक धरलं आणि दोघांनी मिळून टॉवेल पिळला.

"तू सांग, काय म्हणू?" मामांनी विचारलं.

"मी कसं सांगू, मामा? चूक झाली म्हणालात तर आम्ही खेळतो. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतील. पण मग त्या मिनिटाचं काहीच उरत नाही. गोलकीपरची बहीण आत बसलीय, तिला कुणीतरी सांगेल, अगं, ते तुझ्यासाठी नव्हतं, धोब्याची चूक होती."

"मी धोबी नाही."

"माहीत आहे, मामा. ते तसं म्हणतील." त्यानं टॉवेल दोरीवर टाकला. "पण तुमच्या पोटावर पाय येऊ द्या असं आम्ही कुणी म्हणणार नाही. काय सांगाल त्यावर आमच्यात कुणी बोट ठेवणार नाही."

टॉवेल तिरका टाकला होता. कप्तान गेल्यावर मामांनी तो सरळ केला.

चौकशी समितीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि पलीकडे अध्यक्ष एकटेच होते. बाकीच्या दोन सदस्यांना ऐनवेळी ताप आला होता. सेक्रेटरी बाजूला बसले होते. अध्यक्षांसमोर जर्सींचे मोठे केलेले फोटो होते.

"अंगावर मजकूर असू नये असा नियम आहे," अध्यक्ष म्हणाले. "इथं मानेखाली लाल अक्षरं आहेत. ही कुणी घातली?"

"मी, साहेब. खुणेची आहेत."

"कसली खूण? हे 'खा' काय आहे? 'खाली करा'?"

"खाज, साहेब. त्याला खांद्याची शिवण टोचते. तिथं मऊ पट्टी लावलीय."

"आणि 'मा'? 'मागणी'?"

"मान. कप्तानाची मान जाड आहे."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "आणि हे 'पो'? हे तर उघडच आहे. 'पोलीस'."

मामांनी सेक्रेटरींकडे बघितलं.

"बोला. 'पोलीस'च ना?"

"सांगितलंच पाहिजे का, साहेब? खेळाडूची खासगी गोष्ट आहे."

"सांगितलंच पाहिजे."

"पोट," मामा हळू म्हणाले. "आमच्या स्ट्रायकरचं. वाढलंय जरा. बाजूनं दोन बोटं सोडलीयत. त्याला माहीत नाही, त्याला वाटतं तो बारीक झालाय."

सेक्रेटरींना खोकला आला, आणि तो बराच वेळ येत राहिला. अध्यक्षांनी फोटोतल्या 'पो'वर आधी मारलेली फुली स्वतःच खोडली, फोटो बाजूला सारले आणि आवाज एकदम मऊ केला.

"हे बघा मामा, तुमच्या नोकरीवर आजवर एक डाग नाही. माणूस आहे, चुकतो. वाळवताना जर्सी उलट्या केल्या, सुलट्या करायच्या राहिल्या. असंच झालं ना? तुम्ही फक्त 'हो' म्हणा, मी लिहून घेतो."

मामांनी टेबलाकडे बघितलं. अध्यक्षांनी कागदावर 'घाई' हा शब्द आधीच लिहिला होता. अक्षर सुरेख होतं.

'हो' एवढंच म्हणायचं होतं. एकतीस वर्षांत मामांनी त्याहून कितीतरी खोट्या गोष्टी 'हो' म्हणून सोडून दिल्या होत्या. साबण चांगला आहे, हो. नवं मशीन येतंय, हो. पण हे सुलट्या जर्सीबद्दल होतं.

"नाही, साहेब," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"राहिल्या नाहीत. अकराच्या अकरा सुलट्या टांगल्या होत्या. माझ्या हातून उलटी जर्सी गेलेली नाही, कधीच." मग त्यांनी जरा विचार केला. "एक गेली. गोलकीपरची. ती मी उलटी केली. त्याचा हात दुखत होता."

"चुकून."

"चुकून कशी होईल? त्यानं सांगितलं, का ते सांगितलं, मग केली."

"मामा!" सेक्रेटरी म्हणाले.

"तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय बोलताय?" अध्यक्षांनी विचारलं.

"उलटं-सुलटं तेवढं कळतं, साहेब. बाकीचं नाही."

अध्यक्षांनी 'घाई'वर काट मारली. त्या सुरेख अक्षराची ती काटही सुरेख होती.

अकरा जणांवर चार-चार सामन्यांची बंदी आली. मामांना त्याच संध्याकाळी किल्ल्या जमा करायला सांगितलं. ते धुलाईच्या खोलीत गेले, तर रविवारच्या जर्सी दोरीवर वाळून कडक झाल्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून सुलट्या केल्या, घड्या घातल्या, 'सर्वांना छप्पर' वर येईल अशा रचल्या आणि दाराला कुलूप लावलं. काम अर्धवट टाकून जायची सवय नव्हती. निरोपाचं भाषण झालं नाही. ते चांगलं झालं होतं असं म्हणतात.

पुढच्या रविवारी मामा तिकीट काढून सामन्याला गेले. आयुष्यात पहिल्यांदाच. मामी बरोबर होत्या. जिन्यात मामांचं लक्ष गेलं.

"अगं, स्वेटर उलटा घातलायस."

"ठाऊक आहे," मामी म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या.

जागा अगदी वर होती, तिथून मैदान हातरुमालाएवढं दिसत होतं. बदली संघ उतरला, जर्सी सुलट्या, छातीवरची अक्षरं पांढरीशुभ्र. टाळ्या पडल्या नाहीत. खाली कठड्यापाशी बंदी घातलेले अकरा जण साध्या कपड्यांत ओळीनं बसले होते, गोलकीपरची बोटं अजून बांधलेली. बहीण अजून सुटलेली नव्हती.

मामांनी सवयीनं शिवणी बघायला डोळे बारीक केले. इतक्या लांबून काही दिसेना. म्हणून त्यांनी जवळचं बघितलं. पुढच्या रांगेतल्या माणसाच्या शर्टाची शिवण बाहेर होती. त्याच्या शेजारणीचीही. त्यापुढच्या रांगेत कॉलरची पट्टी, खिशाची पिशवी, बटणांचे टाके, सगळं बाहेर. त्याच्याही पुढं तसंच. मामा हळूहळू उठून उभे राहिले. खाली कठड्यापर्यंत, पलीकडच्या गॅलरीपर्यंत माणसं उलटे कपडे घालून बसली होती. मैदानाकडे बघत होती.

आणि दोरे! केवढे दोरे लोंबत होते. कुणी कधी आतून बघितलंच नव्हतं.

"बसा ना," मामी म्हणाल्या.

मामा बसले नाहीत. त्यांचा हात खिशात गेला. किल्ल्या गेल्या होत्या, कात्री होती. ते पुढच्या माणसाच्या खांद्यावर वाकले.

"जरा हलू नका हं," ते म्हणाले, काखेजवळचा दोरा कापला, आणि खिशात टाकला.