डावी बाजू सपाटच

माझी आत्या शिवणकाम करते. हिवाळ्यात तिला कॅन्सर निघाला आणि डावा स्तन काढून टाकावा लागला. पुढचे काही महिने ती अंथरुणाला खिळून होती. झाडांना पालवी फुटली तेव्हा एका सकाळी म्हणाली, "चल तळ्यावर. या छताकडे बघून बघून डोळे विटले."

गावाबाहेरच्या त्या तळ्यात उन्हाळाभर सकाळी सकाळी पंधरा-वीस जण पोहायला जमायचे. आत्या त्यांतली सगळ्यात जुनी. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती जुन्याच पोशाखात उतरू लागली. डावीकडचं कापड चुण्या पडून लोंबायचं. पण लव्हाळ्यांजवळ पाठीवर तरंगत, पाणकोंबडीची पिल्लं मोजताना तिचा चेहरा असा उजळायचा की मलाही पाण्यात उडी मारावीशी वाटायची.

हा पोहणाऱ्यांचा गट गावातला केमिस्ट सांभाळायचा. एकदा त्यानं आत्याला बाजूला घेतलं.

"ताई, राग मानू नका. रविवारी आपण पलीकडच्या काठापर्यंत पोहणार. सगळ्यांच्या घरचे येतील, लहान मुलं येतील. तुम्ही या वेळी काठावर चहाचं बघाल का? नाहीतर आत काहीतरी भरून..."

"काय भरू? कापूस?"

केमिस्ट गोरामोरा झाला. "तसं नाही हो. बघणाऱ्यांना अवघडल्यासारखं होतं."

"मग त्यांनी पाण्याकडे बघावं. एवढं मोठं तळं आहे."

मला वाटलं, घरी येऊन ती रडेल. पण तिनं कपाटातून ताणलं जाणारं लालभडक कापड काढलं आणि पोहायचा नवा पोशाख शिवायला मशीनवर बसली. डावी बाजू तिनं अंगाबरोबर सपाट बेतली.

"वन्सं, कशाला हट्ट करताय?" आई म्हणाली. "लोक बोलतील."

"बोलू देत. घसा त्यांचाच सुकेल."

रविवारी काठावर तोबा गर्दी. आत्यानं टॉवेल बाजूला केला. एका चिमुरडीनं मोठ्यांदा विचारलं, "यांचं एक कुठे गेलं?" तिच्या आईनं घाईघाईनं तिचं तोंड दाबलं.

"आजारी होतं, काढून टाकलं," आत्या म्हणाली.

"परत येणार?"

"नाही."

"बरं," म्हणून ती पुन्हा वाळू उकरायला लागली.

आत्या पाण्यात उतरली. मी तळ्याला वळसा घालून पलीकडे पळाले. तिथून बघते तर लाल ठिपका मध्यावरच थांबलेला. तिचा डावा हात आखडला होता. केमिस्ट होडी घेऊन जवळ गेला. पाण्यावरून त्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"ताई, पुरे झालं. वर या."

आत्यानं होडीची कड धरली होती. "दम खातेय. मला वर ओढलंत तर होडी उलटी करीन."

केमिस्टनं हात मागे घेतला. थोड्या वेळानं तिनं कड सोडली आणि कुशीवर वळून एका हातानं पाणी कापत निघाली. बाकीचे केव्हाच पोचून, कपडे बदलून खायला बसले होते. ती सगळ्यांच्या शेवटी आली आणि चिखलात बसकण मारली. मी टॉवेल पुढे केला.

"राहू दे," ती धापा टाकत म्हणाली. "ऊन काय छान आहे!"

तशीच, त्या लाल पोशाखात, सगळ्यांच्या मधोमध बसून ती वाळली. केमिस्टनं चहा आणून दिला, तो तिनं दोनदा मागून घेतला.

संध्याकाळी तिचा हात खांद्याच्या वर जाईना. आई तिचे केस विंचरत कुरकुरत होती, "बघा, झाली ना हौस?"

"कुठे?" आत्या म्हणाली. "अजून अख्खा उन्हाळा पडलाय."