सूनबाईंचा आठ

चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासल्या मी. माझ्या घासकामात कुणी खोट काढली की डोकं फिरतं, आणि सुनेने काढली तर विचारूच नका.

सूनबाई प्रयोगशाळेत सेन्सर बनवते. मेंदूतल्या पेशी ज्याच्या हाती एकमेकींना निरोप धाडतात ते डोपामाइन किती आहे, हे तिची पेन्सिलीएवढी कांडी सांगते. कांडीचं कार्बनचं टोक गुळगुळीत घासायचं, त्यावर पातळ लेप द्यायचा, मग द्रावणात बुडवून वीज सोडायची. पडद्यावर डोपामाइनचा एक उंचवटा यायला हवा आणि मेंदूत त्याच्या सोबतीनेच असणाऱ्या व्हिटॅमिन सीचा वेगळा. हिच्याकडे दोन्ही मिळून एकच टेंगूळ यायचं.

टोक कसं घासू, हे तिने प्रयोगशाळेतून मलाच फोनवर विचारलं होतं. "सोपं आहे, आठ काढत घास," मी म्हणालो. आठवडाभर घासून तिचे हात भरून आले, पण टेंगूळ हटेना.

"बाबा, तुमची पद्धत काही चालत नाही," आज सकाळी ती म्हणाली. दुपारी तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम कांडी तपासणार होत्या. दोन उंचवटे दिसले नाहीत तर काम बंद, तीन वर्षं पाण्यात.

माझी पद्धत चालत नाही म्हणे. मी तडक तिच्यासोबत प्रयोगशाळेत गेलो. "घास बघू माझ्यासमोर."

तिने घासायच्या ओल्या पांढऱ्या भुकटीवर कांडी टेकवली, एक बाक काढला, उचलली, पुन्हा तोच बाक.

"हा कुठला आठ गं?"

"आपलाच की. ८."

मी कपाळावर हात मारून घेतला. आपला मराठी ८ एका बाजूने उघडा. हात सारखा एकाच अंगाला रेटतो. टोक तिरकं झालं होतं, लेप एकीकडेच ओघळत होता. आम्ही दुकानात काढायचो तो इंग्रजी 8, सगळीकडून फिरणारा. फोनवर हे सांगायचं मला सुचलंच नाही. चूक माझी होती. कबूल करायला जड गेलं, पण केलं.

"आपल्या ४ चं वरचं तोंड बंद कर, झाला तो आठ."

ती इतकी हसली की कांडी हातातून पडता पडता राहिली. मग आम्ही आळीपाळीने दीड तास घासलं. लेप दिला, वाळू दिला.

मॅडम आल्या. पडद्यावरची रेघ चढली, उतरली, परत चढली. दोन उंचवटे, अगदी वेगळे. "पुन्हा करा," मॅडम म्हणाल्या. पुन्हा दोनच. "ठीक आहे. काम चालू ठेवा," म्हणून त्या गेल्या.

सूनबाई स्टुलावर बसून हसता हसता रडायला लागली. माझाही जीव भांड्यात पडला. डोळे पुसून तिने खणातून एक डबा काढला. आत आणखी अकरा कांड्या होत्या, सगळ्या तिरक्या.

"बाबा, उद्यापासून याल?"

"उद्यापासून कशाला?" म्हटलं. "सरक तिकडे."