दयानंदच्या दुकानातली पिल्लं

लातुरात शिकवण्यांच्या गल्लीत दयानंदचं कुत्र्याच्या पिल्लांचं दुकान होतं. घरापासून दूर राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरी त्याचं गिऱ्हाईक. त्यांतल्याच उमरीच्या शिल्पानं तिथून नेलेलं पिल्लू जनावरांच्या डॉक्टर तूबाच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा रक्ताच्या जुलाबाचा सडका वास खोलीभर पसरला. पिल्लू वाचलं नाही.

तूबानं विषाणूची जनुकीय तपासणी केली. पिल्लांना रक्ताचे जुलाब लावून मारणारा पार्व्हो निघाला. त्याच दुकानातून आलेल्या आधीच्या मेलेल्या पिल्लांच्या नमुन्यांशी तिनं तो ताडून पाहिला, तर जनुकांत तसूभरही फरक नव्हता. रोग दुकानातच मुरला होता.

ती शिल्पाला घेऊन तडक तिकडे गेली. दयानंदनं दुकानात नुकत्याच मेलेल्या दुसऱ्या एका पिल्लाची घाण फडक्यानं पुसली, त्याच ओल्या पिंजऱ्यात नवं पिल्लू सोडलं आणि त्याच हातानं बिस्कीट तोंडात टाकलं.

"दयानंदभाऊ, रोग तुमच्या पिंजऱ्यात आहे. विक्री बंद करा," तूबा म्हणाली.

"मला काय ठावं न्हाई व्हय, मॅडम? पोरींना लई एकटं वाटतंय. एक मेलं की रडतात, अन् दुसरं नेतात."

तो हसला. त्या घाणीपेक्षा तूबाला त्याच्या हसण्याचीच जास्त किळस आली. ती दारातच उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकीला मोठ्यानं सगळं सांगू लागली. पोरी जमल्या, तसा दयानंद शिव्या देत शटर ओढू लागला.

"आधी पिल्लं बाहेर काढा," शिल्पा शटर धरून म्हणाली.

त्यानं पायानं पिंजरे बाहेर ढकलले. तूबानं सगळी पिल्लं दवाखान्यात नेली. त्यातली दोनच जगली.