साधू म्हणण्याआधी

खाम्पुनने भर सभेत उठून पडद्यावर बोट टेकवलं.

"ही मी."

पडद्यावर मागच्या सभेचा फोटो होता. विहाराच्या मंडपात सगळं गाव, जोडलेले हात कपाळाशी, तोंडं उघडी. खाली ओळ: धरणाला ग्रामस्थांची एकमुखी संमती.

"मावशी, बसा ना," बँकॉकहून आलेला सरकारी अधिकारी वीरफोन साहेब म्हणाला.

"संमती कसली? भंतेंचा आशीर्वाद संपला, रिवाजाप्रमाणे आम्ही 'साधू' म्हटलं."

"तेच. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. साधू म्हणजे उत्तम."

"तुमच्याकडे मयताला भंते येतात, तेव्हाही साधूच म्हणता. मेला ते उत्तम झालं, असं लिहून घेऊ?"

हशा पिकला. लगेच विझला.

"हे बघा, धरण नदीच्या वरच्या अंगाला, शेजारच्या देशात होतंय. नदीच्या करारात लिहिलंय, शेजारी देशांशी सल्लामसलत करा. परवानगी घ्या, असं नाही. सल्लामसलत झाली, मुदतही संपली."

"म्हणजे विचारायचं. उत्तर ऐकायचं नाही."

"कायदा तसा आहे, मावशी."

मागून गावातला बुनमी ओरडला, "सरहद्द नदीतूनच जाते, अर्धी नदी आपली ना, साहेब? मग मधोमध दोरी बांधा! त्यांचं पाणी त्यांच्या बाजूने जाऊ दे!"

खाम्पुन हसली नाही. तिच्या नखांत नदीचं शेवाळ हिरवं मुरलेलं होतं. थंडीत मेकाँग उतरते, नितळ होते, तेव्हाच हे खायचं शेवाळ दगडांवर धरतं. यंदा वरच्या जुन्या धरणाने न सांगता पाणी सोडलं. गुडघाभर पाण्यातले दगड गळ्याइतके बुडाले. बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या. आता आणखी एक धरण.

आणि तिच्याच तोंडाने मागितलेलं.

साहेबाने माईक बंद केला. "भंते, समारोपाचा आशीर्वाद द्या."

फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून पुढे सरकला.

म्हाताऱ्या भंतेंनी गाथा सुरू केली. मंडपभर हात वर गेले. खाली बसलेल्या खाम्पुनचेही. भंतेंसमोर हात खाली ठेवणं तिला या जन्मी जमलं नसतं. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

गाथा संपत आली. सगळ्यांच्या ओठांवर तो शब्द आला.

भंतेंनी श्वास घेतला.

आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.

बाहेर सरकारी गाडीचं इंजिन चालूच होतं. आशीर्वाद अर्ध्यावर टाकून उठणं साहेबाच्याही हातात नव्हतं; तो हात जोडून बसला होता. गाथा पुन्हा संपत आली. पुन्हा श्वास. पुन्हा पहिली ओळ.

फोटोवाल्याचा कॅमेरा हळूहळू खाली आला.

खाम्पुनने पाय एका बाजूला दुमडले आणि ती ऐसपैस बसली.