सीनियर बसल्याशिवाय

उगोन्माचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. उगोन्मा म्हणजे माझ्या ओबिएफुनाची एकुलती एक मुलगी. "काका, बाबा जेवतच नाहीयेत हो," ती म्हणाली. "ताट समोर ठेवलं की नुसते बघत बसतात. भरवायला गेलं तर तोंड घट्ट मिटून घेतात. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल." एवढं बोलून पोरगी रडायलाच लागली. मी उरलेली दाढी तशीच ठेवून निघालो. लोक हसले तर हसले, या वयात मला कोण मुलगी देणार आहे!

ओबिएफुना आणि मी शाळासोबती. आमच्याकडचं यादवी युद्ध संपलं त्या वर्षी एनुगू शहराच्या पलीकडच्या टेकडीवर मुलांचं बोर्डिंग पुन्हा उघडलं, तिथे आम्ही एकाच दिवशी आपापल्या पत्र्याच्या पेट्या घेऊन दाखल झालो. भिंतींना गोळ्यांची भोकं होती, खिडक्यांना तावदानं नव्हती, चवळीत चवळीपेक्षा किडे जास्त. पण आमच्यासाठी राजवाडाच होता तो! पहाटे घंटा झाली की बादल्या घेऊन ओढ्यावर पळायचं, सीनियरचं पाणी आधी, आपलं नंतर. शनिवारी कोयते घेऊन मैदानातलं गवत कापायचं. रात्री पांघरुणाखाली गारी खायची. कसावा नावाच्या कंदाचा तो जाडसर रवा, त्यात गार पाणी, साखर आणि मूठभर शेंगदाणे. अहाहा! आज घरात सगळं आहे, पण ती चव काही जिभेवर परत येत नाही.

आता ओबिएफुनाच्या डोक्यातून माणसं एकेक करून उठून चालली होती. बायको वारल्याचं त्याला आठवत नव्हतं. मुलगी तर ओळखूच येत नव्हती. तिला तो बोर्डिंगची मेट्रन समजायचा, आणि ती खोलीत आली की आदराने उठून उभा राहायचा. तिच्या जिवाचं काय होत असेल ते तिचं तिलाच ठाऊक. मला मात्र तो अजून ओळखायचा. माझ्या कानांवरून पोरांनी मला किटली हे नाव ठेवलं होतं. हा टकला म्हातारा त्याला किटली म्हणून कसा चालत होता, देव जाणे.

मी गेलो तेव्हा तो टेबलाशी ताठ बसला होता. हात मांडीवर, समोर उकडलेल्या याम कंदाचे गरम तुकडे निवत चाललेले. "बाजूला हो, तुला जमायचं नाही," मी उगोन्माला म्हणालो आणि मोठ्या ऐटीत सोबत आणलेली गारी कालवली. वाडगा पुढे सरकवला. ओबिएफुनाने आवंढा गिळला. मी स्वतः पाहिलं, गळ्याची घाटी वर-खाली झाली त्याची! भूक नाही म्हणणाऱ्या डॉक्टरच्या नानाची टांग! पण हात काही मांडीवरून हलला नाही.

"खा की लेका!" मी ओरडलो. माझं डोकं लवकर तापतं, अख्ख्या एनुगूला माहीत आहे.

त्याने घाबरून मागे पाहिलं आणि कुजबुजला, "हळू बोल ना, किटली! सीनियर अजून बसले नाहीत. गुडघ्यांवर बसायचंय का तुला?"

अरे देवा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या मेसमध्ये प्रत्येक टेबलाला एक सीनियर असायचा. तो येऊन बसणार, प्रार्थना होणार, मग तो चमचा टेबलावर आपटून 'सुरू!' म्हणणार. तोवर कोणी घासाला बोट जरी लावलं, तरी जेवण संपेपर्यंत फरशीवर गुडघे टेकून बसायचं. बिचारा उपाशीपोटी सीनियरची वाट बघत होता आणि आम्ही त्याला औषधं पाजत होतो!

मी लगेच टेबलाच्या टोकाला जाऊन बसलो आणि चमचा आपटला. "सुरू!"

ओबिएफुना हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. "तू? तू सीनियर? अरे, आरशात तोंड बघ! दागोगो सीनियरनी पाहिलं ना, कान उपटून हातात देतील तुझे. तेवढंच मोठं आहे तुझ्याकडे."

दागोगो! ते नाव ऐकलं की अजून माझ्या कपाळाची शीर उडते. आमच्या टेबलाचा सीनियर. याच्या बादल्या वाहून माझे खांदे झिजले. पण ओबिएफुनाचा तो शाळेतला बाप होता. तशी रीतच होती आमची, प्रत्येक नव्या पोराला एक मोठा मुलगा बाप म्हणून मिळायचा. काम करून घ्यायचा, पाठीशीही उभा राहायचा. आणि ओबिएफुनाला खरा बाप नव्हताच. आईबाप दोघंही युद्धात गेले. महिन्यातून एकदा भेटीचा रविवार यायचा. हा सकाळपासून पांढरा सदरा घालून, गळ्याचं बटण लावून फाटकाशी उभा. सगळ्यांच्या आया डबे घेऊन यायच्या, याच्याकडे कोणी यायचं नाही. एकदा दागोगो गेला, हाताला धरून त्याला घेऊन आला आणि आपल्या आईच्या डब्यासमोर बसवला. तेव्हापासून दर खेपेला तो तिथेच जेवायचा. बटण मात्र त्याने पुन्हा कधी लावलं नाही.

दागोगो पोर्ट हारकोर्टला राहतो, गुडघे गेलेत, कुठे येत-जात नाही, एवढं ऐकून होतो. कुठून कुठून नंबर मिळवला आणि जीव मुठीत धरून फोन लावला.

"कोण? किटली?" तोच आवाज. "उभं राहून बोल."

आणि सांगायला लाज वाटते, पण मी उभा राहिलो हो! नातवंडं असलेला माणूस मी! उगोन्मा एवढ्या काळजीतही तोंड दाबून हसली. मी सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "काय वाढलंस त्याला?"

"गारी, सीनियर."

"गाढव ते गाढवच राहिलास! गारी पेटीतली, चोरून खायची. ती मेसच्या टेबलावर कधी आली होती? तो घाबरणार नाही तर काय? उद्या रविवार आहे. मेसमधल्या रविवारसारखं भात आणि मटण करायला सांग. मी येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. आतून दोन काठ्या आल्या, मग दागोगो आला. केवढासा झाला होता! मी सवयीने त्याची पिशवी उचलली. त्यानेही सवयीने दिली.

तो खोलीत शिरताच ओबिएफुना ताडकन उभा राहिला. दागोगोने ओळख दाखवली नाही, चौकशी केली नाही, सरळ टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत बसला. "प्रार्थना," तो म्हणाला. आणि ज्याला स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नव्हतं, त्याने हात जोडून प्रार्थना न अडखळता म्हटली. मग दागोगोने चमचा आपटला. "सुरू!"

ओबिएफुना हलला नाही. उगोन्माने दाराची चौकट घट्ट धरली. झालं, संपलं सगळं, असं मला वाटलं. दागोगोने आपल्या ताटातला मटणाचा मोठा तुकडा चमच्याने उचलला आणि ओबिएफुनाच्या भातावर ठेवला. तेव्हाही दर रविवारी असाच ठेवायचा. आम्ही जळायचो.

मग ओबिएफुना जेवायला लागला. कसला जेवतोय! खाली मान घालून, घासावर घास. मटण तेवढं त्याने ताटाच्या कडेला सारून ठेवलं. चांगली चीज शेवटी खायची, ही त्याची जुनी सवय. मी रडत होतो, आणि दागोगो सीनियरने त्यावर मला ओरडायला हवं होतं, पण तो ओरडला नाही.

थोड्या वेळाने ओबिएफुना त्याच्या कानाशी वाकला. "सीनियर, त्या दारातल्या बाई कोण? कोणाला भेटायला आल्यात?"

दागोगोने उगोन्माकडे पाहिलं. "आज भेटीचा रविवार ना? तुला भेटायला आल्यात."

"मला?"

"तुलाच. लांबून आल्यात. केव्हाच्या उभ्या आहेत."

ओबिएफुनाने चमचा खाली ठेवला. हात गळ्याशी नेला. बोटं ऐकत नव्हती, दोनदा निसटलं, पण सदऱ्याचं वरचं बटण त्याने लावलंच. मग मला कोपराने ढोसून म्हणाला, "किटली, बघितलंस? माझ्याकडे आलंय." आणि बाजूची खुर्ची ओढून उगोन्माला म्हणाला, "बसा ना."

ती बसली. मी तिच्यासाठी ताट वाढलं. ओबिएफुनाने एकदा सीनियरकडे पाहिलं, सीनियरने मान हलवली, आणि कडेला राखून ठेवलेला तो तुकडा त्याने उचलून तिच्या भातावर ठेवला.